हात कुणाचा

"काका, तुम्ही मीटिंगला येणं का बंद केलंत?" मी विचारलं.

"कोण म्हणतं बंद केलं?" फोनवर भोईटेकाकांचा आवाज नेहमीसारखाच खणखणीत होता. "तिन्ही गुरुवारी सकाळी सातला हजर व्हतो. खोलीत मी एकटाच. 'भोईटे हजर' म्हणून लिहिलं, तासभर वाट बघितली, आन् उठलो. म्हणलं, मंडळाला सुट्टी आसंल."

माझ्यासमोर स्टाफरूमच्या कॉम्प्युटरवर एक ईमेल उघडी होती. 'श्री. यशवंत भोईटे हे सलग तीन सभांना अनुपस्थित राहिल्याने त्यांचे मंडळाचे सदस्यत्व व लेखनाचे अधिकार आजपासून संपुष्टात येत आहेत. त्यांच्या योगदानाबद्दल आभार. हा संदेश यंत्रणेने आपोआप पाठवला आहे.'

सात वर्षं राबलेल्या माणसाला एका वाक्यात बाहेर काढलं होतं, आणि वर आभार मानले होते. तेही आपोआप. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"काका, तुम्ही ईमेल वाचलीत ना?"

"ऐकली सकाळी," ते म्हणाले. "आपल्याच बाईच्या आवाजात ऐकली. 'संपुष्टात' जरा घाईनं म्हणते ती. त्याच्याकडं बघाय पायजे."

ही 'आपली बाई' म्हणजे आमचा 'उच्चार'. अंध माणसाला कॉम्प्युटरच्या पडद्यावरचा मजकूर मराठीत मोठ्यानं वाचून दाखवणारा आवाज, इंग्रजीत स्क्रीन रीडर. कुणाच्या मालकीचा नाही, कुणीही फुकट घ्यावा, हवी ती दुरुस्ती करावी आणि ती सगळ्यांना परत द्यावी, असा. त्यावर पंधरा-वीस जण पदरमोड करून, नोकऱ्या सांभाळून काम करायचे; तेच आमचं मंडळ. मी संगमनेरच्या एका पॉलिटेक्निकमध्ये शिकवत होते, कौस्तुभ आगटे पुण्यात एका मोठ्या कंपनीत होता आणि मंडळाचा प्रमुख होता, अस्लम मुजावर सोलापूरला. आणि भोईटेकाका फलटणचे. एका साखर कारखान्यात तीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर. जन्मापासून अंध. आवाजातली प्रत्येक चूक पहिल्यांदा त्यांच्या कानाला टोचायची. ज्या माणसासाठी हे सगळं चाललं होतं, तसा मंडळात तो एकच माणूस होता.

आमच्या सभांचं कॅलेंडर काकाच ठेवायचे. प्रत्येक गटाची एक साधी मजकुराची फाइल. ना रंग, ना चौकटी. एकाखाली एक पाच ओळी:

नाव: मंडळ
वार: गुरुवार
वेळ: सकाळी सात
दर: पंधरा दिवसांनी
चालवणार: आगटे

अशा बारा फाइली. काकांनी लिहिलेला एक छोटा प्रोग्रॅम त्या वाचायचा, दोन सभा एकाच वेळी येत असल्या तर ओरडायचा, आणि तारखा काढून द्यायचा. ज्याला बदल हवा त्यानं फाइलमधली ओळ बदलायची, दुसऱ्या कुणीतरी ती तपासून 'होय' म्हणायचं, की बदल आत. सभासुद्धा लिहूनच व्हायच्या, इंटरनेटवरच्या खोलीत. जो येईल त्यानं आधी 'हजर' लिहायचं, हा काकांनीच पाडलेला पायंडा. कारखान्यात तसं होतं म्हणे.

कोणती ओळ कुणी लिहिली आणि कुणी तपासली, हे कायम नोंदलेलं राही. कधीही विचारावं, नाव मिळतं. जगभर या सोयीचं जे इंग्रजी नाव आहे त्याचा सरळ अर्थ दोष देणं असा होतो. आमचे पडदे मराठीत करताना त्यावर दोन सभा भांडण झालं होतं. कौस्तुभला 'दोष' हवा होता, मला 'कर्ता'. काका म्हणाले, "आमच्याकडं भाकरी चांगली झाली तरी इचारत्यात, हात कुणाचा? आन् दूध नासलं तरी इचारत्यात, ह्यात हात कुणाचा? 'हात' लिवा. दोन्हीकडं चालतंय." तेव्हापासून आमच्याकडे ते 'हात' झालं.

दोन महिन्यांपूर्वी कौस्तुभनं हे सगळं बदलून नवं कॅलेंडर आणलं होतं. छान रंगीत पान, मोबाइलवर आठवण (काकांचा फोन जुना, साधा; त्यावर ती यायची नाही), हजेरीची आपोआप मोजणी. मी त्याला फोन लावला.

"कौस्तुभ, भोईटेकाकांना काढलंस?"

"मी नाही काढलं," तो शांतपणे म्हणाला. त्याचा हा शांतपणा मला कधीच सोसला नाही. "सिस्टिमनं काढलं. तीन गैरहजेऱ्या, सदस्यत्व बंद. नियम सगळ्यांना सारखा आहे."

"ते तिन्ही वेळा आले होते! गुरुवारी सात वाजता!"

"मग चुकीच्या दिवशी आले असतील. मीटिंग एकदा शुक्रवारी होती, एकदा शनिवारी, कालची रविवारी. तूही होतीस की शुक्रवारी आणि रविवारी."

होते. मोबाइलवर घंटी वाजली आणि मी गेले होते. वार बदलतोय हे लक्षात आलं होतं, पण मला वाटलं, सगळ्यांच्या सोयीसाठी मुद्दामच फिरता वार ठेवलाय. इतर दहा जणांनाही तसंच वाटलं होतं. काका दिसत नाहीत हेही जाणवलं होतं. वय झालं, कंटाळले असतील, असं म्हणून मी ते सोडून दिलं होतं.

"वार का फिरतोय मग?" मी विचारलं.

"मला काय माहीत? त्यांच्या फाइलमध्ये होतं तसंच मी घेतलंय. दर पंधरा दिवसांनी."

मला हसावं की रडावं कळेना. टेबलावरचं कॅलेंडर ओढलं. पाच जून, गुरुवार. त्यात पंधरा मिळवले, वीस जून, शुक्रवार. पुन्हा पंधरा, पाच जुलै, शनिवार. पुन्हा पंधरा, वीस जुलै, रविवार.

"कौस्तुभ," मी म्हणाले, "आईनं तुला कधी 'आठ दिवसांनी ये' म्हणून सांगितलं, तर तू कधी जातोस?"

"म्हणजे?"

"सोमवारी सांगितलं तर मंगळवारी जातोस की पुढच्या सोमवारी?"

मी त्याला मोजायलाही वेळ दिला नाही.

"आपण सात दिवसांना आठ म्हणतो आणि चौदाला पंधरा म्हणतो! हिशोब चुकीचा असेल रे, पण कुणाची मीटिंग चुकत नाही. काकांच्या प्रोग्रॅमला ते माहीत होतं. तू पुण्यात जन्मून तुला माहीत नाही?"

"हे बघ, ती संदिग्ध नोंद होती. पंधरा म्हणजे पंधरा," तो म्हणाला. "आणि नव्या पानावर तारखा स्पष्ट दिसत होत्या. त्यांनी बघायला हव्या होत्या."

"बघायला!" मी इतक्या मोठ्यानं ओरडले की पलीकडच्या टेबलावरच्या जोशीसरांनी पेपर तपासणं थांबवलं. "कौस्तुभ, कुणाबद्दल बोलतोयस तू?"

"मंजिरी, शब्दात पकडू नकोस. ते पान स्क्रीन रीडरवर चालतं. तपासलेलं आहे."

"तुझं ते पान काकांच्या कॉम्प्युटरवर काय बोलत असेल ठाऊक आहे?" मी तिथल्या तिथे ते पान उघडलं आणि आमचा 'उच्चार' चालू केला. फोन स्पीकरशी धरला. आमची बाई गोड आवाजात म्हणाली, "चित्र. चित्र. चित्र. बटण. चित्र. चित्र." ना वार, ना तारीख. पुढे तीस-एक वेळा तेच.

"ऐकलंस? अंधांसाठी आवाज बनवणाऱ्यांचं हे कॅलेंडर! यासाठीच तर मी गेल्या वर्षी भांडून भांडून प्रत्येक बदलाच्या फॉर्मवर तो प्रश्न घालून घेतला. 'स्क्रीन रीडरवर ऐकून पाहिलं का?' मग त्याचं काय झालं?"

"त्यावर कुणीतरी 'होय' लिहिलंय. म्हणून तर बदल आत गेला ना."

"कोण तो शहाणा?"

"माहीत नाही. असेल नोंदीत," तो म्हणाला. "तुला एवढंच वाटत असेल तर गुरुवारी जादा सभा बोलावतो. तिथे मांड."

"गुरुवारी सकाळी सात वाजता," मी म्हणाले. "आणि त्या शहाण्याचं नाव मला सगळ्यांसमोर हवंय."

मधल्या तीन दिवसांत मी कुणालाही सोडलं नाही. अस्लमला फोन केला, आणखी चार जणांना केले. खोलीतल्या जुन्या नोंदी काढल्या. एकोणीस जून, सात वाजता: भोईटे हजर. सात वाजून वीस मिनिटं: कुणी आहे का? आठ वाजता: बरं, निघतो. तीन जुलै, सात वाजता: भोईटे हजर. सतरा जुलै, सात वाजता: भोईटे हजर. रिकाम्या खोलीत एक माणूस तीनदा हजेरी लावून गेला होता, आणि आम्ही त्याला गैरहजर ठरवलं होतं. त्या नोंदी छापून मी पर्समध्ये ठेवल्या होत्या आणि जो भेटेल त्याला दाखवत होते. आमच्या यजमानांनी दोन वेळा वाचल्या, तिसऱ्या वेळी म्हणाले, "पाठ झाल्या माझ्या."

माझा सगळा राग त्या 'होय' लिहिणाऱ्यावर होता. कौस्तुभला निदान कळलं नव्हतं. पण हा? याला न ऐकता ऐकलं म्हणायला लाज कशी वाटली नाही? मी मनातल्या मनात त्याच्यासाठी चांगलं दहा-बारा ओळींचं भाषण तयार केलं होतं. नाव मी आधीही बघू शकले असते, एका ओळीच्या आज्ञेचं काम. पण मला ते सगळ्यांच्या डोळ्यांदेखत यायला हवं होतं. त्याला चारचौघांत तोंड लपवायला जागा राहू नये, असं माझ्या मनात होतं.

गुरुवारी सकाळी पावणेसातलाच मी चहाचा कप घेऊन बसले. एकामागून एक 'हजर' येत गेलं. चौदा जण. सदस्य नसलेल्यालाही खोलीतलं वाचता-ऐकता येतं, फक्त लिहिता येत नाही. ऐकणाऱ्यांच्या यादीत एकच नाव होतं, भोईटे.

कौस्तुभनं सुरुवात केली. 'भोईटे यांचे सदस्यत्व नियमानुसार संपले आहे. पुन्हा घ्यायचे असल्यास नवा अर्ज, दोन सूचक आणि महिनाभराची मुदत.'

'अर्ज?' मी लिहिलं. 'चोर सोडून संन्याशाला सुळी देताय, आणि वर संन्याशानंच अर्ज करायचा?' मग मी त्या तिन्ही गुरुवारांच्या नोंदी टाकल्या. मग पंधरा आणि चौदाचा हिशोब टाकला. मग त्या पानाचं 'चित्र चित्र बटण' शब्दन् शब्द लिहून टाकलं. एवढ्या रागातही एक टायपिंगची चूक झाली नाही.

मग कौस्तुभनं लिहिलं, 'पंधरा दिवसांची चूक माझी. मान्य.'

त्यानं इतक्या सहज मान्य केलं की माझा अर्धा हिरमोड झाला. पण दहा-बारा ओळी शिल्लक होत्याच.

'ती चूक कुणाचीही होऊ शकते,' मी लिहिलं. 'पण हे पान ऐकून पाहिल्याचं खोटं ज्यानं लिहिलं, ती चूक नाही, ती बेइमानी आहे. त्याला या मंडळावर बसायचा अधिकार नाही. अस्लम, त्या बदलावर हात कुणाचा, ते इथे टाक.'

'मंजिरीताई, ते नंतर बघू या का?' अस्लमनं लिहिलं.

'नंतर का? आत्ता. सगळ्यांसमोर.'

'ताई, खरंच नंतर बघू.'

'अस्लम, कुणाला पाठीशी घालतोयस?'

मग तीन ओळी आल्या.

लिहिणारा हात: कौस्तुभ आगटे
तपासणारा हात: मंजिरी टिळेकर
स्क्रीन रीडरवर ऐकून पाहिलं: होय

मी त्या पुन्हा वाचल्या. वेळ बघितली. तेवीस मे, दुपारी सव्वाबारा. तेवीस मे! परीक्षेच्या पेपरांचे गठ्ठे समोर होते, कौस्तुभचा निरोप आला होता, 'जरा पटकन बघतेस का', आणि मी ते पान उघडलं होतं. डोळ्यांनी. रंग चांगले वाटले होते. मग खालचा माझाच प्रश्न आला होता, मीच भांडून घालून घेतलेला. त्यावर मी टिचकी मारली होती आणि पुढचा पेपर ओढला होता. पुढे ते माझ्या लक्षातही राहिलं नव्हतं.

आपण हसे लोकाला, शेंबूड आपल्या नाकाला. माझी आई ही म्हण मला लहानपणापासून ऐकवत आली होती, आणि दर वेळी मी तिच्याशी भांडले होते.

कौस्तुभ टोचून बोलला असता तर मला बरं वाटलं असतं. तो बोलला नाही. मग मी लिहिलं, 'मी ऐकून पाहिलं नव्हतं. होय खोटं लिहिलं. बेइमानी हा शब्द मी मागे घेत नाही.' एवढंच लिहून मी थांबले. दहा-बारा ओळींतली एकही आठवेना.

अस्लमनं ठराव मांडला, तिन्ही गैरहजेऱ्या रद्द, भोईटेकाका परत मंडळावर, आणि कॅलेंडर पुन्हा साध्या मजकुराच्या फाइलींत. तेरा 'होय' आले. चौदावा माझा होता. तो लिहिताना आधी मी ठरावाची ओळ स्पीकर लावून ऐकली. कौस्तुभनं लिहिलं, 'मी आता ऑफिसला निघालोय, लिहिण्याचे अधिकार संध्याकाळपर्यंत परत चालू करतो.'

मी फलटणला फोन लावला. काकांनी पहिल्याच घंटीला उचलला.

"काका, तुम्ही सगळं ऐकलंत."

"ऐकलं की. बाईनं तुमचं नाव झक्क घेतलं. टिळेकर. 'ळे' अगदी बरोबर म्हणते आता."

"काका, थट्टा नको. मला माफ करा. मला खरंच आठवत नव्हतं."

"मला म्हाईत व्हतं," ते म्हणाले.

"काय?"

"तपासणारा हात. पान आलं त्याच दिवशी काढून बघितला. मला तर नुसतं चित्र-चित्र ऐकू यायचं. म्हणलं, कुणी तपासलंय बघावं. तर तुमचं नाव."

"मग मला फोन का नाही केलात? त्याच दिवशी भांडायचं होतं माझ्याशी!"

"भांडायचं कशापायी? तुमचं नाव बघितलं आन् म्हणलं, मंजिरीबाईंनी ऐकलंय म्हणजे पान बरोबर हाय. बिघाड आपल्याच कॉम्प्युटरात आसंल." ते सहज सांगत होते, कुणा तिसऱ्याची गोष्ट सांगावी तसं. "साताऱ्याला न्हेला दुरुस्तीला. दोनदा. यष्टीत मांडीवर घिऊन बसलो व्हतो. दुकानवाला पोरगा म्हणला, काका, ह्यात कायबी बिघाड न्हाई. म्हणलं, तू नीट बघ, आमच्या बाईंनी तपासल्यालं हाय ते."

माझ्या हातातला कप मी खाली ठेवला. चहा कधीच गार झाला होता. सत्तरीला आलेला एक माणूस, मांडीवर तो डबा घेऊन, फलटण ते सातारा, सातारा ते फलटण. दोनदा. स्वतःच्या कानांपेक्षा माझ्या एका टिचकीवर त्यांचा जास्त विश्वास होता. मला रडू आलं, आणि रडतानाही स्वतःचा इतका संताप आला की काही बोलता येईना.

"बाई, हायसा का?"

"आहे."

"तुमचा राग खोटा न्हाई," ते म्हणाले. "तीन दिवस माझ्यासाठी भांडलासा, समदं कळलं मला. फकस्त ह्यो राग तवा यायला पायजे व्हता, टिचकी मारायच्या येळंला. तवा दोन मिनिटं आला आसता, तर आज एवढा आणायची गरज न्हवती."

मी डोळे पुसले.

"आता एक काम करा," ते म्हणाले. "मला लिवायला संध्याकाळ व्हणार म्हणं. आन् आज गुरुवार हाय. सातपास्नं बसलोय मी. माझी हजेरी राहिली."

खोली अजून उघडी होती. सगळे निघून गेले होते. मी फोन कानाशी धरूनच एका हातानं लिहिलं, 'भोईटे हजर.' दुसऱ्याच्या नावाची हजेरी म्हणजे नोंदीतला बदल, म्हणून खाली तोच प्रश्न आला, 'स्क्रीन रीडरवर ऐकून पाहिलं का?' पाठवण्याआधी थांबले, स्पीकर चालू केला, आणि ते त्यांना फोनवर ऐकवलं.

"बरोबर हाय?" मी विचारलं. कधी नव्हे ती त्यांच्या बोलीत बोलून गेले.

"बरोबर हाय. लावा."

त्याला आता अकरा वर्षं झाली. काका गेले त्यालाही चार होतील. कॅलेंडर अजून त्याच बारा फाइलींत आहे, 'दर: पंधरा दिवसांनी' ही ओळ तशीच आहे, आणि मंडळाची सभा अजून गुरुवारीच असते. नवीन आलेली मुलं कधी जुन्या नोंदी चाळतात आणि मला विचारतात, ताई, चोवीस जुलैला भोईटेकाकांना लिहिण्याचे अधिकारच नव्हते, मग ही त्यांची हजेरी कशी लागली? मी म्हणते, हात बघा. ते बघतात. तिथे माझं नाव आहे, आणि खालच्या प्रश्नापुढे 'होय' आहे. तो खरा आहे.